दूरदर्शनचा तास

रविवारी सकाळी लिंबाजी गुरुजींनी शाळेची बॅटरी पोत्यात बांधली आणि पोतं डोक्यावर घ्यायला ते वाकले, तेव्हा पंचशीला म्हणाली, "बाबा, डोक्यावर नका घेऊ. तेजाब गळतंय त्यातून."

"मंग कुठं घेऊ? काखंत मारू?"

"एक टोक मी धरते."

"तू कॉलेजातली बाई. लोकं बघतेत."

"धरू द्या की," चुलीपुढं बसलेली धुरपताबाई म्हणाली. "पुस्तकं उचलून हात झिजले न्हाईत लेकीचे."

पंचशीला लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. सुट्टीला जोडून दोन दिवस घरी आली होती. बापलेक पोत्याची दोन टोकं धरून फाट्याकडं निघाले. गुरुजी तिच्यापेक्षा बुटके, त्यामुळं सगळा भार त्यांच्याकडं कलत होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. पण चालताना मागून कुणीतरी हाक मारील आणि आपल्याला ऐकू येणार नाही, अशा धास्तीनं मान अजून थोडी वळलेली.

होळी होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांची रानं उघडी पडली होती. ज्वारी कणीस धरायच्या आधी पोटरीतच वाळली, ती उपटून लोकांनी जनावरांपुढं टाकली होती. विहिरी संक्रांतीच्या आधीच आटल्या. टँकर यायचा तेव्हा यायचा.

पारावर माणिकप्पा तंबाखू मळत बसला होता. शाळा कमिटीचा अध्यक्ष तोच.

"काय गुरुजी, टीव्हीला दवाखान्यात नेऊन राहिलाव का?"

"हाव अप्पा. निलंग्याला."

"सलाईन लावा म्हनावं. अन् डाक्टरला इचारा, पेशंट दिवाळीपासून डोळा उघडंना, अजून किती दिस खाटंवर ठिवायचा?"

पारावरची माणसं हसली. गुरुजीही हसले. आपल्यावरचा विनोद आपणही हसून पुरा करून द्यायचा, ही त्यांची जुनी रीत.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि नव्या जिल्ह्याला आपण नवे आहोत हे कुणाला तरी दाखवायची घाई होती. हत्तरमाळला पाणी दाखवता येण्याजोगं नव्हतं, म्हणून टीव्ही दाखवला. नारळ फुटला. गावात वीज नव्हती, म्हणून लोखंडी कपाटातला, बॅटरीवर चालणारा संच आला. गच्चीवर चित्र पकडायला कोंबड्याच्या जाळीची भली मोठी छत्री बसली. पावसाचा पत्ता नाही आणि छत्री आली, असं माणिकप्पा तेव्हाच म्हणाला होता.

संचाला कुलूप लागेल अशी, न गळणारी खोली पाहिजे होती. शाळेत स्लॅबची खोली एकच, बाकीच्या पत्र्याच्या. स्लॅबच्या खोलीत चौथीचा वर्ग बसायचा, लिंबाजी गुरुजींचा. चौथी बाहेर लिंबाखाली गेली आणि टीव्ही आत बसला. लिंबाला त्या साली पानं नव्हती. होती ती शेरडांनी खाल्ली. कार्यक्रम दुपारी लागतो म्हणून हेडमास्तरांनी उन्हाळ्यातली आणि शनिवारची सकाळची शाळाही यंदा बंद ठेवली. शिक्षणात तंत्रज्ञानानं क्रांती केली असं लातूरच्या भाषणांत पंचशीला ऐकत होती. हत्तरमाळला ती क्रांती एवढीच झाली होती, की पोरं उन्हात आली आणि खोका सावलीत गेला.

खोका स्वतः आठवडाभर चालला. पुण्याकडची एक बाई इस्त्रीची साडी नेसून पोरांना नमस्कार करायची, आणि पोरं तिला उठून नमस्कार करायची. मग बॅटरी बसली.

फाट्यावर गाडी आली. कंडक्टरनं पोत्याला बुटाचं टोक लावलं.

"काय हाय ह्यात?"

"सरकारी बॅटरी हाय, साहेब."

"सरकार असू द्या न्हाईतर सरकारचा बाप. मागं ठिवा. सीटला डाग पडला तर तुमच्याकडून भरून घेईन."

"होय साहेब."

कंडक्टर पंचशीलापेक्षाही लहान होता. जागा रिकामी असून गुरुजी बसले नाहीत. मागं उभे राहून त्यांनी बॅटरी दोन पायांत धरून ठेवली. निलंगा येईस्तोवर विजारीच्या कडेला आणखी भोकं पडली आणि नडगीची कातडी लाल झाली. पंचशीला खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं खूप वाचलं होतं. गुलामांविषयी, बंडांविषयी, राजवाड्यांना लागलेल्या आगींविषयी. त्यातलं काहीही या गाडीत उपयोगाचं नव्हतं.

बॅटरीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं बुचं काढून आत डोकावलं आणि कपाळाला हात लावला.

"गुर्जी, इसमें तो पानीच नै. बाहेर बी दुष्काळ अन् आत बी दुष्काळ. मागल्या खेपंला सुद्ध पाण्याची बाटली दिल्ती ना मी? घातली नै का?"

"न्हाई घातली."

"मग काय पी गये?"

"हाव," गुरुजी म्हणाले. "पिलं."

मिस्त्री पोट धरून हसला. "प्लेटी जळाल्या ओ. भरून देतो, पर भरोसा नै. घडीभर चालंल."

"घडीभर बास हाय. उद्या जिल्ह्याचे साहेब येणार हायत. त्येंच्यापुरतं."

बॅटरी भरायला लावून दोघं एसटी स्टँडच्या सावलीत भाकरी सोडून बसले.

"पाणी कोण प्यायलं, बाबा?"

"सरजाबाईची नात. लिंबाखाली पाढे म्हणता म्हणता डोळे फिरवले लेकरानं. टँकर आला नव्हता. शाळंत पाणी म्हणशील तर तेवढीच बाटली. आधी मी घोट घेऊन बघितला, मरतो का काय म्हून. मेलो न्हाई. मंग तिला पाजलं. ऱ्हायलेलं बाकीच्यांनी वाटून घेतलं."

"आणि बॅटरी?"

"बॅटरीला काय तोंड हाय व्हय बोंबलायला?"

पंचशीलाला हसू आलं. मग कालचं आठवलं आणि ते तोंडावरच विरलं.

काल दुपारी गाडीतून उतरून ती सरळ शाळेवर गेली होती. स्लॅबच्या खोलीत चौथीची पोरं मांडी घालून, हाताची घडी करून, लोखंडी कपाटाकडं तोंड करून बसली होती. कपाटाची दारं उघडी. काच काळी ठिक्कर. आणि कपाटाच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, अंग चोरून तिचे वडील उभे होते. घसा बसलेला. कुठल्या तरी परक्या, धुतल्या आवाजात ते म्हणत होते, "नमस्कार, बालमित्रांनो. आज आपण समुद्राची माहिती घेणार आहोत." पोरं एका सुरात "नमस्कार" म्हणाली. मग गुरुजी आपल्या भाषेवर आले. "आता समुद्र म्हंजी काय? तर आपला पाझर तलाव. पण भरलेला. म्हंजी तुमी जन्मायच्या आधीचा. आन् त्याचा पल्याडचा काठ दिसंना असा." समुद्र संपला तसं त्यांनी दम न खाता "यानंतरचा कार्यक्रम" म्हणून मधमाश्या सुरू केल्या होत्या.

पोरांनी गुरुजींचं नाव टीव्ही पाडलं होतं. लांबून ते दिसले की एकमेकांना सांगायची, टीव्ही आला रे. हे दारात उभ्या पंचशीलाला शेवटच्या रांगेतल्या पोराकडून तिथंच कळलं.

"तुम्ही त्या खोक्याशेजारी का उभे राहता?" तिनं आता विचारलं. "मधे उभे राहा, नेहमीसारखे."

"साहेबानं सांगून ठिवलंय. त्या तासाला पोरांची तोंडं संचाकडं पाहिजेत. मधी उभा ऱ्हायलो तर संच झाकतोय."

"संच बंद आहे, बाबा!"

"हळू बोल. बंद हाय हे मला म्हाईत, तुला म्हाईत. कुलपाला कुठं म्हाईत? दूरदर्शनच्या तासाला हेडमास्तर कुलूप काढतेत. तास संपला की लावतेत." गुरुजींनी ठेचा भाकरीवर पसरला. "मंग तास संपवायचा कशाला?"

एका कार्यक्रमाचे दोन झाले होते, दोनाचे तीन, ते असे. हेडमास्तर रेणुकादास निलंग्याहून येऊन-जाऊन करायचे. कुलूप काढून ते दारातूनच परत फिरायचे, संच चालतो का हे बघायला खोलीत एकदाही आले नव्हते. पत्र्याखालच्या त्यांच्या टेबलावर पंखा नव्हता, पण शिपायानं धरलेलं पुठ्ठ्याचं झाकण होतं. अहवाल मात्र ते न चुकता पाठवायचे. त्या अहवालांवरून नव्या जिल्ह्याला असं समजलं, की दूरदर्शनचा सगळ्यात जास्त वापर हत्तरमाळच्या शाळेत होतो. म्हणून उद्या साहेब जीप घेऊन बघायला येणार होते.

"मग उद्या सांगा त्यांना. खोली पोरांना परत द्या म्हणावं."

गुरुजींनी हातातला घास कागदावर ठेवला.

"तुम्हाला नसेल जमत तर मी सांगते," ती म्हणाली.

"तू कायबी बोलायचं न्हाई."

"का?"

"आपल्यातला पहिला मास्तर म्हून या गावात आलो तवा प्यायला पाणी कुणी वाढत नव्हतं. कुणाला उलट बोललो न्हाई म्हून टिकलो. दोन साल ऱ्हायलेत. ते सरळ जाऊ दे. पोरांचं मी बघतो. माझा घसा हाय ना अजून."

ती गप्प बसली. गप्प बसणं त्यांच्या घराला वडिलोपार्जित होतं. शेत नव्हतं, हे होतं.

उन्हं कलताना ते बॅटरी घेऊन घरी आले. धुरपताबाईनं नवऱ्याच्या नडग्या बघितल्या, रांजणातून तांब्या भरला, थोडा वेळ हातात धरला आणि मग त्यांच्या पायांवर ओतला.

"एवढ्या पाण्यात दोघांची डाळ शिजली असती," ती म्हणाली.

"उद्या झालं की झालं," गुरुजी म्हणाले, आणि ओल्या पायांकडं पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

*

सोमवारी हेडमास्तर पहिल्या गाडीनं आले, सफारी घालून. वाटेवर चुन्याच्या रेघा मारल्या. मुलींना फुलांच्या जागी बोरीचे पाले हातात दिले. चौथीला पाटी पुसायला थुंकी वापरायची नाही अशी ताकीद मिळाली, आणि पाणी मिळालं नाही.

पंचशीलाची लातूरची गाडी दुपारची होती. वडील घरून काही न खाता गेले होते म्हणून ती तांब्याभर लिंबूपाणी घेऊन शाळेवर आली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि संच सुरू झाला होता. पडद्यावर नुसत्या मुंग्या. खर्रर्र आवाज.

"लिंबाजी," हेडमास्तर म्हणाले. त्यांचं वय गुरुजींहून दहा वर्षांनी कमी असेल. "असलं थरथरतं चित्र साहेबांना दाखवायचं का? छत्री हललेली दिसते. वर जाऊन बघ जरा. बॅटरी संपायच्या आत."

"होय साहेब."

"सर, ऊन फार आहे," पंचशीला म्हणाली. "शिपायाला पाठवा."

"त्याला काय कळतंय? यांना अनुभव आहे."

गुरुजींनी लेकीकडं असं बघितलं, की ती पुढचं बोलली नाही. तांब्या तिच्याच हातात राहिला. "उतरल्यावर पितो," असं म्हणून ते शिडी चढले. अनवाणी. चपला शिडीपाशी नीट जोडीनं काढून ठेवल्या.

वरून आवाज आला, "आलं का?"

खालून सगळी चौथी ओरडली, "मुंग्या, गुरुजी!"

"आता?"

"मुंग्या!"

"आता बघा रे!"

"बाई आली, गुरुजी! डोकं न्हाई!"

"नीट धर म्हणावं," हेडमास्तर दारातून म्हणाले आणि रुमालानं मान पुसली.

"आता?"

"अर्धं डोकं आलं!"

जाळी करकरली. मग पडदा एकदम स्वच्छ झाला. इस्त्रीच्या साडीतली बाई हसून सांगत होती, की जेवणापूर्वी हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावेत. तिच्या मागं नळ मोकळा सोडलेला होता. पोरं तो नळ बघत राहिली. मग एकदम गलका झाला, "आलं, गुरुजी! आलं! पुरं डोकं आलं!"

वरून काही विचारणा झाली नाही.

पोरांना थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती ओरडत राहिली. आलं, गुरुजी. आलं. हेडमास्तर म्हणाले, "वा. आता हलू नको म्हणावं." पंचशीलानं तांब्या खाली ठेवला आणि ती शिडी चढली.

स्लॅबवर पाय ठेववत नव्हता. गुरुजी छत्रीच्या दांड्याला अंग टेकून बसल्यासारखे होते. मान पुढं पडलेली. एका हाताची बोटं जाळीत अडकली होती आणि त्या हाताच्या भारानं छत्री एका बाजूला वळून धरली गेली होती. डोळे उघडे. तिनं हाक मारली. गाल थोपटले. नाकापाशी हात धरला. मग तिनं एकेक बोट जाळीतून सोडवलं. शेवटचं बोट सुटलं तशी छत्री आपोआप जागेवर फिरली, आणि खालून सगळा वर्ग एका आवाजात ओरडला,

"गेलं, गुरुजी! मुंग्या!"

*

साहेब आले नाहीत. संध्याकाळी निरोप आला, की जीप तळ्याच्या गावाकडं वळली. तिथं जेवणाची सोय बरी होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर हृदयविकार लिहिला. ऊन लिहिलं तर ते कुणाच्या तरी अंगावर येतं, हृदय ज्याचं त्याचं असतं.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत बायकांनी धुरपताबाईला पुढं जाऊ दिलं. गावाचा शोक एवढाच झाला. पुढच्या टँकरला रांग पुन्हा रांग होती आणि पंचशीला तिच्यात माणसांचे धक्के खात घागर धरून उभी होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तांब्याभर पाणी द्यावं लागतं. माणूस गेल्याचं दुःख करायला आलेले पाहुणे घरातलं पाणी पिऊन जात होते, आणि मायलेकी ते पुन्हा भरून आणत होत्या. खांद्याला वळ उठले. त्यामुळं रडायला जमलं नाही, ते एका परीनं बरंच झालं.

तिनं वडिलांचे कपडे धुवायला काढले. विजारींच्या कडा चाळणीसारख्या झाल्या होत्या. धुरपताबाईनं त्या तिच्या हातातून घेतल्या.

"धुऊ नगं. पाणी वाया जातंय. कोण घालणार हाय?"

माणिकप्पा येऊन उंबऱ्याबाहेर बसला. पाणी नको म्हणाला. भेटायला आलेल्यांत तो एकटाच.

"माझा नातू म्हनतो, पोरी," तो म्हणाला, "खऱ्या टीव्हीत बाईचं डोकं येतंय अन् जातंय. गुरुजीचं कवा गेलं न्हाई."



"आता कसं चाललंय, अप्पा? चौथीचं?"

"चाललंय कसलं? खोलीला कुलूप. हेडमास्तर म्हनतेत, तास बंद तर खोली बंद. लेकरं दिसभर लिंबाखाली. कालच्याला आनखी दोन पडली. घरी नेऊन टाकली आयांनी."

"तुम्ही अध्यक्ष आहात ना?"

"हाव. अध्यक्ष हाय." माणिकप्पानं तंबाखूची चिमट झटकली. "अंगठा घेतेत माझा म्हैन्याला. तेवढ्यापुरता हाय."

तो गेल्यावर धुरपताबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तुज्या मनात काय हाय ते मला दिसून राहिलंय," ती म्हणाली. "बोलू नगं. पेन्शनीचे कागद त्या माणसाच्या हातून जायचेत. हातातोंडाची गाठ हाय माजी."

"मी आहे ना, माय. माझा पगार आहे."

"तू उद्या तुज्या घरी जाशील. आन् त्येंनी सांगितलंय ना तुला? मेल्या माणसाचा शब्द तरी ठिव."

पंचशीलानं घागर उचलली आणि ती टँकर बघायला गेली.

पाचव्या दिवशी जलदानाचा विधी होता, सकाळी घरी बुद्धवंदना झाली. दुपारी शाळेत शोकसभा होती. ती हेडमास्तरांनीच ठेवली. विस्तार अधिकारी शेषेराव साहेब मुद्दाम निलंग्याहून आले होते. स्लॅबच्या खोलीचं कुलूप त्यासाठी काढलं होतं. खुर्च्या मावल्या तेवढ्या खोलीत मांडल्या, उरल्या त्या ओसरीवर, कारण सावली तेवढीच होती. लिंबाजी गुरुजींचा फोटो टीव्हीच्या कपाटावर ठेवून हार घातला होता. सगळ्या वर्गांची पोरं मैदानात रांगेनं बसवली होती, चौथी सगळ्यात पुढं. ती गुरुजींच्या वर्गाची म्हणून, असं हेडमास्तरांनी आल्या-गेल्याला सांगितलं. मान.

हेडमास्तर आधी बोलले. लिंबाजी गुरुजी हे शिस्तीचं मूर्तिमंत उदाहरण होते. तीस वर्षांत त्यांनी एकाही आदेशाला नकार दिला नाही. एकदाही आवाज चढवला नाही. असा सहकारी मिळायला भाग्य लागतं. बोलताना मेलेल्या माणसाला त्यांनी प्रथमच गुरुजी म्हटलं होतं.

मग शेषेराव साहेब उठले. त्यांचं मराठी थेट त्या इस्त्रीच्या बाईचं होतं.

"आपला जिल्हा वयानं लहान आहे," ते म्हणाले, "पण स्वप्नानं मोठा आहे. या स्वप्नाचे लिंबाजी गुरुजी हे शिलेदार होते. तंत्रज्ञान खेड्यातल्या शेवटच्या मुलापर्यंत नेता नेता त्यांनी देह ठेवला. संपूर्ण जिल्ह्यात दूरदर्शनचा सर्वाधिक वापर या छोट्या गावात झाला, हा काही योगायोग नाही."

मैदानात एक पोरगी बसल्या बसल्या शेजारणीच्या खांद्यावर कलली. शेजारणीनं तिला चिमटा काढून सरळ केलं. शेषेराव साहेबांनी पेल्यातलं पाणी घेतलं. पोरांच्या साऱ्या माना त्या पेल्याबरोबर वर गेल्या आणि खाली आल्या.

"म्हणून आम्ही असं ठरवलं आहे, की या खोलीला त्यांचं नाव द्यायचं. लिंबाजी गुरुजी दूरदर्शन कक्ष. लवकरच नवा संच येईल, रंगीत. ही खोली यापुढे कायमस्वरूपी फक्त त्यासाठीच राखीव राहील. चौथीच्या वर्गाची व्यवस्था इमारत मंजूर झाल्यावर होईलच. कुटुंबीय इथे आहेत." ते पंचशीलाकडं वळून हसले. अशा वेळी हसतात तेवढंच. "ताई शिकलेल्या आहेत. आपली काही हरकत नसावी."

लोकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले होते.

"आहे," पंचशीला बसूनच म्हणाली.

"काय म्हणालात?"

ती उठली. "माझी हरकत आहे."

टाळ्यांचे हात तसेच मांडीवर परत गेले. धुरपताबाईनं तिचा पदर धरला आणि खाली ओढला. पंचशीलानं तो सोडवून घेतला नाही. ओढलेला तसाच राहू दिला.

"ताई, आपण दुःखात आहात," हेडमास्तर म्हणाले. "बसा. नंतर बोलू."

"नंतर आमच्या घरात कुणीच बोललं नाही, सर. म्हणून आत्ता बोलते. माझे वडील शिस्तीचे नव्हते. ते भित्रे होते."

ओसरीवर माणिकप्पानं मान वर केली. गावातल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडं बघितलं. बाप जाऊन आठवडा झाला नाही आणि लेक हे बोलते.

"हे मी त्यांना कधी म्हणाले नाही. कुणालाच म्हणाले नाही. लातूरला कुणी विचारलं तर मीसुद्धा शिस्तीचे आहेत असंच सांगायची. ते तुम्हाला भ्यायचे. कंडक्टरला भ्यायचे, शिपायाला भ्यायचे. तुम्ही वर चढ म्हणालात तेव्हा भरल्या उन्हात चढले, कारण नाही म्हणायला ते त्याहून जास्त भ्यायचे. आणि तुमचा हा संच दिवाळीपासून बंद आहे, साहेब."

"बंद?" शेषेराव साहेबांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. हेडमास्तर फोटोकडं पाहू लागले.

"बंद. जिल्ह्यात पहिला आला तो माझ्या बापाचा घसा. खोक्याशेजारी उभे राहून रोज बोलत होते, कारण तेवढा वेळच तुम्ही ही खोली उघडत होता आणि पोरांना सावली मिळत होती. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला चौथीसाठी एक खोली मागायची छाती झाली नाही. टीव्ही होणं सोपं वाटलं."

"पंचशीले," धुरपताबाई म्हणाली. पण पदर तिनं सोडला होता.

"ते मागायला भ्याले. मी मागते. त्यांचं नाव कशालाही देऊ नका. हे कपाट उचलून बाहेर उन्हात ठेवा. त्याला काही होत नाही. या खुर्च्या काढा, तुम्ही उठा, आणि आधी पोरांना आत घ्या. मग माझ्या बापाविषयी काय चांगलं बोलायचंय ते बोला."